अपिलाची वाट आणि आपला समाज

आपल्या किनाऱ्यावरील जुन्या घरांच्या माळ्यावर एखादी तरी सागवानी पेटी असते. तीत फडक्यात बांधलेले कागदांचे रुमाल असतात. खरेदीखते, गहाणखते, सारा भरल्याच्या पावत्या, मोडीतील वाटणीपत्रे आणि त्यांच्या तळाशी कोर्टाची मोहोर असलेला एखादा हुकूमनामा. असे रुमाल आम्ही अनेक घरी पाहिले आहेत. त्यांतील कोर्टाच्या कागदांवर त्याच त्या गावांची नावे पुनःपुन्हा आढळतात. जमीन माहीमची असो, तारापूरची असो वा बोईसरची, कागद मात्र तालुक्याच्या कोर्टाहून ठाण्यास व ठाण्याहून मुंबईस गेलेला असतो. हीच आपल्या वाडवडिलांची अपिलाची वाट होय. या वाटेने आपला समाज पिढ्यानुपिढ्या चालत आला. परंतु चालला तो बहुधा अशील म्हणून. वकील, भाषांतरकार, लघुलेखक, प्रबंधक वा न्यायाधीश म्हणून या वाटेवर बसण्याचा विचार आपण फार उशिरा, आणि तोही तुरळक, केला. या विचारास थोडे बळ यावे एवढ्याच हेतूने हा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडीत आहोत.

जुन्या राजवटींतील दाद

खालच्या निवाड्याने समाधान न झालेल्यास वरती दाद मागता यावी ही कल्पना या भूमीस नवी नाही. वसई प्रांतावर पोर्तुगिजांचा अंमल होता, त्या काळी त्यांच्या राज्यातील वरिष्ठ न्यायसभा गोव्यात असे. तिची स्थापना १५४४ मधील. म्हणजे तारापूरच्या माणसाला अखेरची दाद मागायची तर समुद्रमार्गे गोवे गाठावे लागे. १७३९ च्या आरंभी चिमाजीअप्पांच्या मोहिमेत केळवे, माहीम, तारापूर ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली आणि दाद मागण्याचे तोंड पुण्याकडे वळले. गोतसभा बसावी, साक्षीपुरावा व्हावा, मजहर लिहिला जावा आणि निवाडपत्र मिळावे, ही त्या काळची रीत. गावच्या पंचांनी केलेला निवाडा मान्य नसेल तर सरकारात अर्ज जाई. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव आजही घरोघर घेतले जाते, याचे कारण वरचा न्याय निःस्पृह असू शकतो हा विश्वास त्यांनी लोकांना दिला.

१८१७-१८ मध्ये उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या १८२७ च्या रेग्युलेशनांनी मुंबई इलाख्याच्या दिवाणी न्यायास निश्चित चौकट मिळाली आणि सदर दिवाणी अदालत सुरतेहून मुंबईस आली. मुनसफ, सदर अमीन, जिल्हा जज्ज आणि सर्वांच्या वर सदर अदालत, अशी ती उतरंड होती. खाली कारभार देशी भाषेत चाले. आपल्या पूर्वजांच्या कैफियती त्यामुळेच मराठीत, व बहुधा मोडीत, आहेत.

त्याच मुंबई बेटावर १८२४ पासून दुसरे एक न्यायालय होते. ते इंग्लंडच्या राजाचे सुप्रीम कोर्ट. तेथे भाषा इंग्रजी, वकील विलायतेहून आलेले बॅरिस्टर आणि अशील बहुतेक बेटावरील व्यापारी. एकाच शहरात कंपनीची अदालत व राजाचे कोर्ट अशी दोन न्यायालये नांदत होती आणि त्यांचे जग वेगवेगळे होते.

उच्च न्यायालयाचे दोन दरवाजे

ही दोन्ही न्यायालये एकत्र करून मुंबईचे उच्च न्यायालय निर्माण झाले. त्याची सनद २६ जून १८६२ ची असून प्रत्यक्ष कामकाज १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायाधीश. न्यायालये एक झाली तरी घराचे दरवाजे दोनच राहिले. मूळ शाखा ही जुन्या सुप्रीम कोर्टाची वारस. तेथे मुंबई बेटातील दावे प्रथमपासून चालत. अपील शाखा ही सदर अदालतीची वारस. तेथे जिल्ह्याजिल्ह्यांतून अपिले येत.

हा भेद समजून घेतल्यावाचून मराठी माणसाच्या वकिलीचा इतिहास कळणार नाही. मूळ शाखेत सॉलिसिटराने कागद तयार करावेत आणि बॅरिस्टर वा ॲडव्होकेट यांनी उभे राहून बोलावे अशी दुहेरी पद्धत होती. ज्याला सॉलिसिटरांच्या पेढ्या काम देत नाहीत त्याला तेथे उभे राहण्यास जागा नसे. अपील शाखेत मात्र वकिलाची सनद घेतलेला, विलायतेस न गेलेला, जिल्ह्याच्या गावाहून आलेला माणूस उभा राहू शके. त्याच्याजवळ भांडवल एवढेच की, खालच्या कोर्टाचे मराठी कागद तो वाचू शके, कुळकायदा, वतने, खोती, वाटण्या व दत्तकविधाने त्याच्या परिचयाची असत, आणि हे सारे तो न्यायमूर्तींना इंग्रजीत समजावून सांगू शके.

हाच तो पूल. खाली मराठी, वरती इंग्रजी आणि मध्ये दोन्ही जाणणारा माणूस. कोकणातील मुरूडचे विश्वनाथ नारायण मंडलिक याच पुलावरून मोठे झाले. अपील शाखेतील वकिली सांभाळून त्यांनी 'व्यवहारमयूख' या धर्मशास्त्रग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८८० मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे ते सरकारी वकील झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७२ मध्ये येथेच ॲडव्होकेटची परीक्षा देऊन मूळ शाखेचा दरवाजाही उघडला आणि १८८९ मध्ये, वयाची चाळिशी उलटण्यापूर्वी, ते न्यायमूर्ती झाले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा प्रवास तर आजच्या तरुणाने पायरीपायरीने मोजावा असा आहे. आरंभी सरकारी भाषांतरकार, मग संस्थानी कारभार व न्यायाधिकार, १८७१ मध्ये ॲडव्होकेटची परीक्षा आणि पुण्यास दुय्यम न्यायाधीश, पुढे नाशिक व धुळे, त्यानंतर शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या १८७९ च्या कायद्याखालील विशेष न्यायाधीश आणि अखेर १८९३ मध्ये उच्च न्यायालय. पहिली पायरी भाषांतराची होती हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुलाने भाषांतरकाराची जागा घेतली तर 'कारकुनीच करणार का' असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर ते विशेषेकरून ध्यानात ठेवावे.

शाळामास्तरकीपासून आरंभ करून १९११ मध्ये उच्च न्यायालयात वकिली सुरू करणारे पांडुरंग वामन काणे यांनी अशिलांचे काम करता करता धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड सिद्ध केले आणि १९६३ मध्ये भारतरत्न हा बहुमान मिळविला. साताऱ्याचे प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९२६ मध्ये अपील शाखेत दाखल झाले, १९४५ मध्ये न्यायमूर्ती झाले आणि १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. यशवंत विष्णु चंद्रचूड साहाय्यक सरकारी वकील, सरकारी वकील, न्यायमूर्ती अशा पायऱ्या चढत १९७८ मध्ये त्याच पदी पोहोचले.

महाडचा दावा, ठाण्याचे अपील

ही नावे घेताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वर सांगितलेले बहुतेक पुरुष पिढीजात विद्येच्या घरांतून आलेले होते. आपल्यासारख्या शेती, वाडी व दर्यावर जगणाऱ्या समाजाला हा मार्ग कोणी दाखविला असेल तर तो डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी. ते १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईस वकिली करू लागले, तेव्हा सॉलिसिटरांची कामे अस्पृश्य म्हणून गणलेल्या माणसाकडे येणे कठीणच होते. त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टांतील कामे घेतली. ठाण्याच्या न्यायालयातही ते उभे राहत.

आणि ज्या वाटेने आपल्या वाड्यांचे दावे गेले त्याच वाटेने महाडच्या चवदार तळ्याचा दावा गेला. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या कोर्टात दावा दाखल झाला. तळे ही आपली खासगी मालमत्ता असून अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची वहिवाट सनातन आहे, असे वादींचे म्हणणे. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने ते अमान्य केले. वादी अपिलात ठाण्यास गेले. तेथेही १९३३ मध्ये हरले. मग उच्च न्यायालयात दुसरे अपील झाले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी ते फेटाळले. अशी सनातन वहिवाट शाबीत झालेली नाही, असा तो निर्णय होता.

दहा वर्षे लागली. तीन न्यायालये झाली. परंतु प्रत्येक पायरीवर कागद वेळेवर दाखल झाला, पुरावा नीट मांडला गेला आणि आपली बाजू सांगणारा आपला माणूस तेथे होता. ज्या समाजाजवळ सत्ता नाही व पैसा नाही त्याच्याजवळ अपिलाची वाट असते. मात्र ती चालण्यास माहितगार पाय हवेत.

आपल्या जिल्ह्यातील अपिले

योगायोग असा की, उच्च न्यायालय १८६२ मध्ये आले आणि पालघर-बोईसरवरून मुंबईस जाणारी आगगाडी १८६४ मध्ये. गाडी आल्यामुळे मुंबईस जाऊन वकील गाठणे आपल्या लोकांस शक्य झाले आणि दाव्यांची हौसही वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. भावाभावांच्या वाटणीत नारळाच्या दोन झाडांसाठी वाडी विकल्याच्या गोष्टी आपल्या वृद्धांनी सांगितलेल्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर दाव्यांचे स्वरूप पालटले. १९४८ च्या कुळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला. तेव्हा तहसीलदार, प्रांत आणि त्यावर महसूल न्यायाधिकरण अशी दुसरीच उतरंड लोकांना चढावी लागली. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले, औद्योगिक वसाहत वाढली आणि भूसंपादनाच्या मोबदल्याचे प्रश्न आले. पुढील विस्तारासाठी उठविलेल्या अक्करपट्टी व पोफरण या गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला.

अलीकडचे एक उदाहरण सर्व ज्ञातिसंस्थांनी अभ्यासावे असे आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाडी व समुद्र नासून मासेमारी बुडत आहे, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली. जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने प्रदूषणाबद्दल कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. त्या न्यायाधिकरणाच्या निर्णयावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात होते. एका ज्ञातिसंस्थेने विवाहमेळावा व गुणगौरव यांपलीकडे जाऊन केलेले हे कार्य होय. अशा कामास लागणारी माणसे आपल्यात किती आहेत, हा प्रश्न आम्ही आमच्यासकट सर्वांस विचारतो.

आजच्या जागा

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाने वकिलांचे जुने वर्ग एक केले आणि १ जानेवारी १९७७ पासून मुंबईच्या मूळ शाखेची दुहेरी पद्धतही कायद्याने संपली. आता दोन्ही दरवाजे एकाच सनदेने उघडतात. मुलींसाठी तर हे दार १९२३ च्या कायद्यापूर्वी बंदच होते. श्रीमती सुजाता मनोहर १९७८ मध्ये मुंबईच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या आणि १९९४ मध्ये मुख्य न्यायाधीश. यास्तव पुढील माहिती मुलांइतकीच मुलींसाठीही वाचावी.

न्यायाधीशाची पहिली पायरी म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निर्णयाने या परीक्षेस तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणून पदवी हाती पडताच शिकवणीवर्गात जाऊन बसण्यापेक्षा आधी पालघर वा वसईच्या कोर्टात एखाद्या अनुभवी वकिलाकडे उमेदवारी करणे अगत्याचे आहे. जिल्हा न्यायाधीशपदी वकिलांतून सरळ नेमणूक होण्यास राज्यघटनेने सात वर्षांची, तर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदास दहा वर्षांची वकिली सांगितली आहे.

परंतु न्यायालय केवळ न्यायाधीश व वकील यांच्यावर चालत नाही. उच्च न्यायालयाचा कर्मचारीवर्ग राज्यघटनेच्या २२९ व्या अनुच्छेदान्वये मुख्य न्यायाधीशांच्या अधिकारात नेमला जातो. लिपिक, लघुलेखक, भाषांतरकार, अनुभाग अधिकारी, ग्रंथपाल आणि वर प्रबंधकापर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. जिल्हा न्यायालयांत लिपिक, लघुलेखक, बेलिफ, नाझर, अधीक्षक या जागा असतात. त्यांतील कित्येक जागांना कायद्याची पदवी लागत नाही. लागते शुद्ध लेखन, टंकलेखनाचा वेग आणि नेमस्तपणा. निकालांचे वृत्त देणे हाही एक व्यवसायच आहे. रतनलाल व धीरजलाल यांनी १८९९ मध्ये सुरू केलेले 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' त्याची साक्ष देईल.

यांतही भाषांतराकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेनुसार इंग्रजी. म्हणजे मंडलिकांच्या काळचा पूल आजही तेथेच उभा आहे, किंबहुना त्यावरील रहदारी वाढली आहे. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने निकालांच्या भाषांतरास यंत्राचे साहाय्य घेतले; पण यंत्राने केलेले भाषांतर तपासण्यास माणूसच लागतो. 'कूळ', 'वहिवाट', 'पोटखराबा', 'सामाईक बांध' या शब्दांचा अर्थ ज्याला शेताच्या बांधावर कळला आहे त्याच्याइतका चांगला तपासनीस कोण? त्यात मोडीचे वाचन येत असेल तर जुन्या दस्तऐवजांसाठी त्याला वकील शोधीत येतील. पालघर-बोईसरच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलास आपली मराठी ही उणीव वाटते. अपील शाखेत तीच त्याची शिदोरी आहे. इंग्रजी मात्र तितक्याच कसोशीने कमवावी लागेल, यात सवलत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाडी आली आणि बोईसरचा उमेदवार सकाळी निघून चर्चगेटला उतरून उच्च न्यायालयात पायी जाऊ लागला. कोल्हापुरास ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले. आपल्या जिल्ह्याची अपिले मात्र मुंबईच्याच मुख्य पीठाकडे राहिली. वाट पूर्वीइतकी लांब उरलेली नाही.

एका कागदाची तारीख

आता आरंभी सांगितलेल्या पेटीकडे वळतो. आमच्या घरच्या रुमालात स्वातंत्र्यापूर्वीचा एक हुकूमनामा आहे. आमच्या पणजी अकाली विधवा झाल्या. विहीर व तिच्याभोवतालची वाडी यांतील हिश्शासाठी त्यांनी दावा केला आणि त्या खालच्या कोर्टात हरल्या. हुकूमनाम्याची नक्कल मिळाली. ती ज्या आप्ताकडे विश्वासाने दिली त्यांनी 'पावसाळा सरू द्या, मग ठाण्यास जाऊ' असे सांगितले. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास मुदत तीस दिवसांची. दिवाळीनंतर अपील दाखल करावयास गेल्या तेव्हा ते मुदतबाह्य ठरले. दाव्यात तथ्य होते की नव्हते, याचा विचार वरच्या कोर्टाने केलाच नाही. त्या कागदाच्या पाठीवर कोणीतरी शिसपेन्सिलीने दिवस मोजलेले आहेत. ते कोणाचे हस्ताक्षर, हे सांगणारे आता कोणी नाही. पणजींस तर अक्षरओळख नव्हती.

ही मुदत १९६३ च्या कायद्यानेही तीच ठेवली आहे. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलास तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात आणि सबळ कारण दिल्यास विलंब माफ होऊ शकतो; परंतु 'पावसाळा होता' हे सबळ कारण नव्हे. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात त्यासाठी समिती असते. आमच्या पणजींना हे दार नव्हते. आज ते आहे आणि आपल्या कित्येक भगिनींना ते ठाऊक नाही.

म्हणून संस्थेपुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, कायदा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संस्थेच्या कार्यालयात एक कपाट राखून त्यात मूळ अधिनियमांची पुस्तके ठेवावीत. दुसरी, आपल्यातील वकील व न्यायालयीन कर्मचारी यांनी महिन्यातून एक रविवार तरुणांस द्यावा. तिसरी, ज्या घरात दावा चालू आहे त्या घरातील शिकत्या मुलास वा मुलीस निकालाची तारीख, नकलेची तारीख व मुदतीचा शेवटचा दिवस भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवण्यास सांगावे. या तिसऱ्या सूचनेस खर्च काहीच नाही. परंतु ज्या मुलीने घरच्या अपिलाची तारीख एकदा कॅलेंडरावर लिहिली, ती पुढे इतरांच्या अपिलांच्या तारखा सांभाळणारी अधिकारी होईल, अशी आमची श्रद्धा आहे.

पेट्या उघडाव्यात, रुमाल सोडावेत, कागद मुलांकडून वाचून घ्यावेत. आपल्या समाजातील पुढच्या वकिलाचा पहिला धडा बहुधा तेथेच आहे.